इंबराची बोली

"राँग नंबर हाये," असं म्हणून द्वारकाबाई खंडारेंनी पोटच्या पोरीचा फोन ठेवून दिला.

पुण्यात, सहाव्या मजल्यावरच्या खोलीत, प्रणाली हातातल्या फोनकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा लावला.

"माय, आहे मीच. पनू आहे मी. ऐक तर, शांगते..."

"कोन वं तू? पनूचा फोन तुयापाशी कसा आला?" पलीकडून माय कडाडली. "माही पोरगी अशी बोलते का? चोट्टे, पोलिसात देईन तुले!"

त्यानंतर मायने फोन उचलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे दोन आठवडे नाही.

दुसऱ्या कुणाच्या आईने आवाज ओळखला नसता, तर व्हिडिओ लावून तोंड दाखवता आलं असतं. इथे तीच सोय नव्हती. द्वारकाबाईंनी दर्यापूर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली होती. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा वाचली, पण उजव्या कानामागचा, माणसांचे चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग गेला तो गेलाच. डोळे, नाक, कपाळ, सगळं त्यांना स्वच्छ दिसे, पण ते मिळून कोणाचं तोंड होतं ते कळत नसे. आरशातल्या बाईलाही त्या एकदा "सरका थोडं" म्हणाल्या होत्या. आता माणूस ओळखायचं ते आवाजावरून, आणि आवाजापेक्षाही बोलण्याच्या हेलावरून. एसटीत पाठमोऱ्या उभ्या राहून, मागून कोण अंजनगाव मागतंय ते आवाजावरून सांगणारी ती बाई. तिचं त्यात काही अडलं नाही.

शिवाय ते दिवस असे, की कोणीही कोणाचाही आवाज बनवून लोकांना फसवत होतं. पोरगी वेगळं बोलली म्हणजे ती पोरगी नाहीच, असं मायने धरलं यात मायची काय चूक?

चूक प्रणालीची होती, आणि ती तिला पुरती माहीत होती.

प्रणाली "बारा बेटं" नावाच्या खेळात काम करायची. सहा जण टेबलाभोवती बसत, प्रत्येक जण एक पात्र होई, फासे पडतील तशी गोष्ट पुढे सरके आणि लाखो लोक ते घरबसल्या थेट बघत. तिचं पात्र होतं इंबरा, धुक्याच्या बेटांवरची नावाडीण. तिची बोली प्रणालीने स्वतः घडवली होती, आणि मन लावून घडवली होती. ती सहकाऱ्यांना सांगायची, "उच्चार वेडेवाकडे केले की बोली होत नाही. माणूस कुठे राहतं, काय काम करतं, त्यातून त्याचं बोलणं येतं." इंबरा धुक्यात, पाण्यावरून हाका मारणारी बाई. वाऱ्याने अर्धं वाक्य पळवलं तरी काम पोचलं पाहिजे, म्हणून तिच्या बोलण्यात क्रियापद आधी. 'स'ची शीळ पाण्यावर विरून जाते, म्हणून त्याचा 'श'. आणि वल्हं उचलल्यासारखं प्रत्येक वाक्य शेवटी वर जाणारं.

लोक या बोलीवर लुब्ध झाले. शाळेतल्या मुली एकमेकींना "ये इकडे, शांगते मी" म्हणू लागल्या. याच पुण्यात बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या दिवशी, प्रणाली "मले" म्हणाली तेव्हा अख्खी खोली हसली होती. त्यानंतर वऱ्हाडी फक्त मायच्या फोनपुरती उरली. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग रविवारी दहा मिनिटं, आणि खेळाच्या गडबडीत शेवटचे दोन महिने तेही नाही.

बोली जिभेवर बसावी म्हणून तिने स्वरपट्टा लावला होता.

लहान मुलाच्या मेंदूत जिभेचा आणि कानाचा नकाशा ओल्या मातीसारखा असतो. आजूबाजूला जे ऐकू येतं ते त्यात उमटतं. दहा-बारा वर्षांचं होईतो ती माती वाळते, म्हणून मोठेपणी शिकलेल्या भाषेत जुना हेल डोकं वर काढतोच. मिरजेच्या डॉ. नसरीन मुजावर यांनी ती माती पुन्हा भिजवायची युक्ती काढली. मेंदूपासून मानेतून थेट हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी एक लांब नस असते, व्हेगस नावाची. जीभ नेमकी हवी तशी वळली, की पाव सेकंदाच्या आत त्या नसेला विजेचा अगदी हलका स्पर्श द्यायचा. तेवढ्याने मेंदूत अशी रसायनं सुटतात, की तो ती हालचाल कायमची ठेवण्याजोगी समजून पक्की करतो. झटक्याने वाचा गेलेल्यांसाठी हा शोध होता. दोन बोटं रुंदीचा पट्टा गळ्याला बांधायचा. तो बोलणं ऐके, तपासे आणि बरोबर आलं की स्पर्श देई. पाच वर्षांचं शिकणं पाच आठवड्यांत होई. मग पट्टा नटांकडे आला, आणि नटांकडून खेळणाऱ्यांकडे.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: दिवसाला वीस मिनिटं, आणि उरलेला दिवस स्वतःच्या बोलीत बोलावं. प्रणाली आठ महिने रोज चार-चार तास पट्टा लावून बसली. उरलेल्या दिवसात बोलायला कोणी नव्हतं.

"मेंदूत पडीक जमीन राहत नाही," डॉ. मुजावर तिला म्हणाल्या. फोनच्या त्या प्रकारानंतर ती धावत मिरजेला गेली होती. "जी बोली आठवड्यातून दहा मिनिटंही बोलत नाही, तिची जागा रोज चार तास बोलता ती घेते. शब्द तुम्हाला आठवतात ना?"

"आठवतात शगळे. लिहिता येतात. येत नाहीत तोंडात."

"शब्दांचा क्रम प्रयत्न केलात तर सुधारेल. 'स'सुद्धा कधीमधी जमेल. पण सूर जिभेच्या आणि कानाच्याही खाली असतो. तो नाही हाताने फिरवता येत."

"लावा ना मग पट्टा पुन्हा! शिकते उलटं!"

डॉक्टरांनी तिच्या हृदयाचा आलेख पुढे सरकवला. रेघ मध्येच सपाट होत होती. "हीच नस हृदयाचा वेग सांभाळते. तुम्ही ती इतकी वापरलीत, की आता ठोके चुकतायत. पट्टा पुन्हा लावला तर बोली परत यायच्या आधी हृदय थांबेल. मी लावणार नाही, आणि तुमच्याकडचा पट्टाही मला आजच हवा आहे."

प्रणालीने पट्टा टेबलावर ठेवला. बाहेर आली तेव्हा फोनवर दर्यापूरच्या शेजारीण सुलोचना मावशींचा निरोप होता: "पनू, तुही माय जेवून नाई राह्यली. म्हन्ते, पोरीले कोनी तरी पळवलं. लवकर ये."

दर्यापूरला जायच्या आधी प्रणालीने शेवटचा उपाय म्हणून जुने व्हॉइस मेसेज एका यंत्राला देऊन पाहिले. यंत्राने तिचा आवाज हुबेहूब काढला, पण वऱ्हाडी बोललं ते विनोदी नाटकातल्या माणसासारखं, प्रत्येक वाक्यात दोनदा "बावा". मावशींनी फोन मायच्या कानाला लावून दिला. मायने तीन वाक्यं ऐकली आणि ती म्हणाली, "माह्या पोरीची थट्टा करून राह्यले का रे भडव्यांनो," आणि फोन भिंतीवर फेकला. सुलोचना मावशींनी तो उचलून चालू केला, एवढंच.

मग प्रणालीने जे केलं, ते तिला सगळ्यात चांगलं येत होतं. अमरावतीच्या लॉजवर बसून तिने वही काढली. इंबरासाठी जशी पानं भरली होती, तशी भरली. वर लिहिलं: प्रणाली द्वारका खंडारे, वय चौतीस, दर्यापूर. खाली लिहिलं: रागावली की 'काहून' लांबवते. 'ळ'चा 'य' करते, पण मायसमोर जास्त, बाहेर कमी. वाक्याच्या आधी हसते. खोटं बोलताना 'खरंच' म्हणते. मायला नावं ठेवायची असली की आधी 'अवो कंडक्टरीणबाई' म्हणते.

दोन दिवस तिने आरशासमोर स्वतःची तालीम केली. लाखो लोकांनी डोक्यावर घेतलेली नटी, तिला एक दर्यापूरची पोरगी उभी करता येईना. 'स' पकडला की सूर सुटे, सूर दाबला की वाक्य निर्जीव होई. तरी तिसऱ्या दिवशी पाच-सहा वाक्यं बरी जमली. तेवढी घेऊन ती घरी गेली.

माय खाटेवर बसली होती. गालांची हाडं वर आली होती, हिरवी नऊवारी अंगावर नुसती टांगल्यासारखी. ताटात भाकर आणि पिठलं तसंच सुकलेलं.

प्रणाली दारात थांबली. आधी हसली. मग म्हणाली, "अवो कंडक्टरीणबाई, काहून जेवत नाई वं?"

मायची मान झटकन वर आली. डोळ्यांत काहीतरी पेटलं. पुढचं वाक्य प्रणाली घाईने बोलली. "मी आली ना माय, पनू आली..." आणि 'आली' वल्ह्यासारखं वर गेलं.

मायने कान पुढे केला.

"पुन्हा म्हन."

प्रणाली पुन्हा म्हणाली. या खेपेला आणखी वाईट.

"नकला करते," माय हळू आवाजात म्हणाली, आणि ते ओरडण्यापेक्षा भयंकर होतं. "कोनी शिकवलं हे तुले? तिनं सांगतलं? बांधून ठेवून लिहून घेतलं का तिच्याकून?" मग तिने ताट उचललं आणि सगळी ताकद लावून दाराकडे भिरकावलं. पिठलं प्रणालीच्या कुर्त्यावर पडलं. "सुलोचने! धाव वं! हे बाई घरात घुसली!"

सुलोचना मावशी धावत आल्या. त्यांनी शपथा घेतल्या, "द्वारके, पोरगीच हाये तुही, मी डोयानं पाह्यते ना," पण मायचं एकच, "तुले बी फसवलं त्यायनं."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, अजून दोन-तीन दिवस असंच पोटात काही गेलं नाही तर नळी घालावी लागेल, आणि या वयात, या मेंदूला, नळी सोसेल असं वाटत नाही.

प्रणालीला काही सुचेना. ती दिवसभर मावशींच्या ओसरीत बसून भिंतीपलीकडचं मायचं कण्हणं ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाजारात गेल्या होत्या आणि पलीकडून आवाज आला, "पानी... कोनी हाये का वं..." प्रणाली उठली, माठातून तांब्या भरला आणि आत गेली. नक्कल करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. जे तोंडात आलं तेच आलं.

"घ्या. आणलंय पाणी. शावकाश प्या."

मायने तांब्या घेऊन तोंडाला लावला. फोनवर घाईत ऐकलेली दोन वाक्यं आणि हा थकलेला, हळू आवाज यांचा मेळ तिला लागला नाही. तिने कान टवकारून विचारलं, "कोन वं तू? तू ते कालपरवाची नोहे."

"नव्हे."

"इकडची नाई दिसत."

"आहे मी लांबची. बेटावरची. चालवते नाव."

"नाव चालवते?" मायच्या आवाजात दोन आठवड्यांत पहिल्यांदा जीव आला. "एकली? बाईमानूस?"

"एकटीच."

"पब्लिक तरास देते?"

"देतात. म्हणतात, घे अजून चौघांना. शांगते बुडेल नाव, तर ऐकत नाहीत."

"हाव ना!" माय खाटेवर सरळ बसली. "मले बी असंच. सत्तावन्न मानसांची गाडी, एकशेदहा भरले, तरी म्हन्ते, बाई, घ्या ना, अंजनगावले लग्न हाये! म्या म्हनो, लग्नाले चालले का मयतीले?"

प्रणाली हसली, आणि हसता हसता तिने भाकर दुधात कुस्करून वाटी पुढे केली. बोलण्याच्या भरात मायने पहिला घास घेतला. मग दुसरा. वाटी रिकामी झाली तेव्हा प्रणाली मोरीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडली. माय जेवली होती, परक्या बाईच्या हातून.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी आणि दुपारी नावाडीण म्हणून जाऊ लागली. मायला हे बोलणं आवडायचं. "तुये वाक्य उलटे हायेत पन मन सरळ हाये," ती म्हणायची. आणि जे पनूला कधी सांगितलं नव्हतं, ते ती या बाईला सांगू लागली. रविवारचा फोन यायच्या आधी ती तासभर फोन मांडीवर घेऊन बसायची. पोरगी पुण्यात वऱ्हाडी बोलायला लाजते हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. "मांगं कोनी असलं की आवाज बारीक करे. मले वाटे, म्हनावं, नको करत जाऊ फोन, लाज वाटते तर. पन फोन आला नसता मंग."

प्रणाली भाकरीचे तुकडे करत राहिली. बोलायला तोंड उघडलं असतं तर सूर वर गेला असता.

बाराव्या दिवशी दुपारी मायने उशाखालचा फोन काढला. "आज तू हायेस म्हून लावते. त्यायच्यातला कोनी चोट्टा उचलन. उचलला की तू त्याले झाप तुया बोलीत. विचार, पनू कुठी ठेवली."

"नका, माय... नको आत्ता..."

पण मायने पनूच्या नंबराचं पहिलं बटण दाबलं होतं. आणि खोलीत, खाटेपासून दोन हातांवर, प्रणालीच्या पिशवीत फोन वाजू लागला.

मायचा चेहरा हळूहळू त्या आवाजाकडे वळला. फोन वाजत राहिला. कोणीच उचलला नाही तेव्हा तो आपोआप बंद पडला. मायने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पिशवी वाजली.

"तुयापाशी हाये तिचा फोन."

"माय, मीच..."

"तू चांगली बाई हायेस," माय म्हणाली. "चोरी करनारी नाई. तिनंच देल्ला असन तुले. म्हून आली तू एवढ्या लांबून. सांगाले आली अन् सांगता नाई आलं." तिने हात पुढे केला, प्रणालीचं मनगट चाचपून धरलं. "मेली का वं ते?"

"नाही! नाही, माय! आहे जिवंत! आहे मीच ती! बघ, धर हात, तुझीच पनू आहे मी, गेलं माझं बोलणं फक्त, तेवढंच गेलं..."

तिच्या एकेका शब्दाबरोबर सूर वर चढत गेला. धुक्यातून हाक मारावी तसा. मायने तो सगळा ऐकून घेतला. मग तिने प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नको. तुयी मैत्रीन होती ना. मले समजते."

संध्याकाळी तिने भिंतीवरचे फोटो काढायला लावले. तीन होते. माय ते उजेडात धरून बघत राहिली, पण तिला तिन्ही सारखेच. "याच्यातली पनू कोन्ती?"

प्रणालीने बोट ठेवलं. पदवीदानाचा फोटो, काळा झगा, वेणी खांद्यावरून पुढे.

"चांगली दिसे का?"

"दिशायची चांगली."

"हार आन उद्या याच्यासाठी. शेवंतीचा."

सुलोचना मावशींनी कपाळाला हात लावला. "जित्या पोरीच्या फोटूले हार! द्वारके, आग लाव त्या हाराले!" त्या प्रणालीवरही ओरडल्या, "तू काहून आनला वं? तुले तरी अक्कल?" प्रणाली हाराचा गुंता सोडवत राहिली. आदल्या रात्री डॉ. मुजावरना तिने फोन केला होता. पट्ट्याशिवाय बोली परत येईल का, एवढंच विचारायला. डॉक्टर म्हणाल्या, "मूल शिकतं तशी येईल. रोज ऐकून, रोज चुकून. चार वर्षं, पाच वर्षं. आईंची तब्येत कशी आहे?" सरकारी दवाखान्यातला डॉक्टर मायबद्दल फार तर एक वर्ष म्हणाला होता, तेही जेवल्या तर.

मायने स्वतःच्या हाताने फोटोला हार घातला. मग दोन दिवस पाण्यावर राहिली. प्रणालीही तिच्या शेजारी उपाशी बसली. स्वतःच्या मरणाचं सुतक पाळत बसलेली बाई जगात दुसरी झाली नसेल. माय मधूनच हुंदका देई, मधूनच पनूच्या गोष्टी सांगे. लहानपणी पनू एसटीच्या इंजिनच्या पेटाऱ्यावर झोपायची, घंटीची दोरी ओढायला रडायची. प्रणाली म्हणे, "हो. शांगायची ती मला."

तिसऱ्या दिवशी सकाळी मायने तिला जवळ बोलावलं. सुलोचना मावशींनी ताट आणून ठेवलं होतं. भाकर, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा.

"तुये तिकडं कोनी हाये?" मायने विचारलं.

"नाही कोणी."

"मंग राह्य इथीच. माह्यं बी कोनी नाई आता. पन हे असं बोलशीन तर बाजारात पोट्टे हासतीन तुले. मी नाई हासत, पन लोक हासतीन. शिकून घे." तिने भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि हात प्रणालीच्या तोंडासमोर धरला. "पयले हे शिक. म्हन, मले भूक लागली."

"लागली भूक मले."

"उलटं नाई. पयले मले."

"मले... भूक लागली." आणि 'लागली' वर गेलं.

"वर काहून नेते वं? खाली ठेव ना. कोनाले हाका मारून राह्यली? मी हाये ना इथी, हातभर. हळूच ठेव."

"मले भूक लागली."

मायने मान हलवली. घास तिच्या बोटांत तसाच होता, तिने तो मागे घेतला नाही.

"अजून," ती म्हणाली. "म्हन अजून."